मांडीवरचे मूल आणि राज्यांच्या सीमा

१/
चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट यांपैकी काहीही न लावता मोटारीतून नेणे भारतात १ सप्टेंबर २०१९ पासून दंडनीय आहे. दंड एक हजार रुपये. कायदा सबंध देशाला एकच आहे. तरीही मुलाचे रक्षण राज्याराज्यांत, किंबहुना शहराशहरांत, निरनिराळे होते. असे का घडले, याचा शोध घेणारा हा धागा. माझे मत आरंभीच सांगून ठेवतो: मुलांच्या सुरक्षेचा नियम कडक करण्याची मुभा राज्यांना असावी, सैल करण्याची असू नये.

२/
आधी थोडा इतिहास त्या आसनाचा. चाइल्ड सीट ही वस्तू सुरक्षेसाठी जन्माला आलेली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा खुर्च्यांचा हेतू साधा होता: मूल जरा उंच बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे आणि त्याने गाडीभर फिरू नये. धडकेचा विचार त्यात नव्हता. तो आला १९६० च्या दशकाच्या आरंभी. ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलाला पट्ट्यांनी जखडून ठेवणारी आसने रचली. बाळाला गाडीच्या मागच्या बाजूस तोंड करून बसवावे, म्हणजे धडकेचा भार मानेवर न येता पाठीवर पसरतो, हा विचार स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी त्याच दशकात पुढे नेला.

३/
वस्तू आली, परंतु तिची सक्ती कोणी करावयाची? येथून प्रदेशाप्रदेशांतील भेदाचा इतिहास सुरू होतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये टेनेसीने लहान मुलांसाठी चाइल्ड सीट अनिवार्य करणारा कायदा संमत केला. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. अमेरिकेतील असा हा पहिलाच राज्य कायदा. १९८५ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांनी या प्रकारचे कायदे केले.

४/
मात्र टेनेसीच्या मूळ कायद्यात एक पळवाट होती. मोठ्या माणसाने तान्ह्या बाळाला हातांत धरले असेल, तर चाइल्ड सीटची गरज नाही, अशी सवलत त्यात घालण्यात आली होती. आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती, ही भावना तिच्या मुळाशी होती. सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही सवलत मान्य नव्हती. ती रद्द व्हायला १९८१ साल उजाडले.

५/
सवलत घातक का होती, हे साध्या गणिताने कळते. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि धडकेनंतर एक दशांश सेकंदात थांबते, असे समजू. त्या क्षणी शरीरावर येणारा भार त्याच्या वजनाच्या सुमारे चौदापट असतो. म्हणजे दहा किलोचे मूल सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे फेकले जाते. एवढी ओढ कोणाचेही हात पेलू शकत नाहीत. येथे मायेचा प्रश्न नाही, स्नायूंचा आहे.

६/
आता युरोपकडे पाहू. २००३ मध्ये युरोपीय संघाने एक निर्देश काढला: १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य आसन हवे, मात्र सदस्य देशांना वाटल्यास ही मर्यादा १३५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येईल. त्यानुसार ब्रिटनने बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर ही सीमा धरली, तर जर्मनीने बारा वर्षे किंवा १५० सेंटिमीटर. परिणामी एखादे मराठी कुटुंब लंडनहून म्युनिकला राहायला गेले, तर १४० सेंटिमीटर उंचीच्या दहा वर्षांच्या मुलीला लंडनमध्ये बूस्टर लागत नाही, म्युनिकमध्ये मात्र लागतो. मुलगी तीच, तिची हाडेही तीच.

७/
उंचीचा एवढा आग्रह कशासाठी? कारण सीटबेल्ट प्रौढ देहाच्या मापाने बनवलेला असतो. बुटक्या मुलाला तो लावला, तर खालचा पट्टा कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो आणि वरचा गळ्याशी रुततो. बूस्टर मुलाला उंच बसवतो व पट्टा योग्य हाडांवर आणतो. नियम मुळात हाडांच्या मापाचा आहे. वय हा केवळ सोयीचा अंदाज.

८/
तेव्हा पहिला निष्कर्ष: नियमांतील प्रादेशिक भेद मुळातच वाईट नसतो. टेनेसी इतरांहून वेगळे वागले, म्हणून तर बाकीची राज्ये जागी झाली. युरोपातही देशादेशांत फरक आहे. पण १३५ सेंटिमीटर हा तळ ठरलेला आहे, त्याखाली कोणालाच जाता येत नाही. जेथे तळ पक्का असतो, तेथे भेदातून स्पर्धा निर्माण होते. तळच नसेल, तर भेदातून सवलती निर्माण होतात. भारतात काय झाले?

९/
ब्रिटिश काळात मोटारी आल्या तेव्हा प्रांतांनी आपापले कायदे केले. १९१४ मध्ये सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला, त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्याचीही जागा १९८८ च्या कायद्याने. स्वतंत्र भारताच्या घटनेत यंत्रचालित वाहने हा विषय समवर्ती सूचीत गेला आणि पोलीस राज्यसूचीत. अर्थात नियम मुख्यतः दिल्लीने करावयाचा आणि रस्त्यावर उभे राहून तो पाळून घ्यावयाचा राज्याने. पुढील साऱ्या कथेचे बीज या रचनेत आहे.

१०/
या कायद्यांत मूल कोठे आढळते? १९३९ च्या आणि १९८८ च्या कायद्यांत ते प्रामुख्याने गाडी चालवण्यास अपात्र व्यक्ती म्हणून येते: अठरा वर्षांखालील व्यक्तीने मोटार चालवू नये, इत्यादी. प्रवासी म्हणून मुलाच्या देहाचा वेगळा विचार १९८८ च्या मूळ कायद्यात आढळत नाही. दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते असे कलम १२८ सांगते. ती व्यक्ती चाळीस वर्षांची की चार वर्षांची, याचा भेद ते करत नाही.

११/
वास्तव मात्र वेगळेच घडत होते, आणि त्याचा एक मोठा धागा आपल्या आकुर्डीत आहे. इटलीत १९४६ साली कोर्रादिनो दास्कानियो यांच्या आराखड्यावरून व्हेस्पा तयार झाली: पुढे पत्र्याची ढाल, पायाशी सपाट मोकळी जागा. त्याच घराण्यातली गाडी बजाजने येथे बनवली. पियाजिओशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. सायकलींचे पुणे बघता बघता स्कूटरींचे पुणे झाले. आणि चालकाच्या पायांपुढच्या त्या मोकळ्या जागेत, हँडलच्या मागे, उभे राहिले कोण? घरातले धाकटे मूल.

१२/
मध्यमवर्गीय मराठी घरांतील जुने छायाचित्रसंग्रह चाळून पाहा. वडील चालवत आहेत, आई मागे एका अंगाला बसली आहे, मांडीवर तान्हे, पुढे उभे थोरले. हे छायाचित्र आपल्या भावविश्वाचा भाग आहे. ते काढणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी त्या कुटुंबाला परवडणारे वाहन तेच होते आणि बससेवा अपुरी होती. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: कलम १२८ च्या दृष्टीने हे कौटुंबिक चित्रच बेकायदेशीर आहे. कायद्याने ज्या कुटुंबाकडे पाहिलेच नाही, त्या कुटुंबाने कायद्याकडे पाहिले नाही, यात नवल कसले?

१३/
हेल्मेटच्या बाबतीत तर भेदाची मुभा कायद्यातच होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट अनिवार्य केले, पगडी धारण करणाऱ्या शीख व्यक्तींना सूट दिली आणि शिवाय राज्यांना योग्य वाटतील ते अपवाद करण्याचा अधिकार दिला. या अधिकाराचा वापर डोके अधिक सुरक्षित करण्यासाठी होणे शक्यच नव्हते, कारण तो अधिकार केवळ अपवादांचा होता. दिल्लीत २०१४ पर्यंत स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक होते, ते याच मार्गाने. तळ उचलून घेण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली होती.

१४/
२०१९ च्या दुरुस्तीने प्रथमच मुलाकडे प्रवासी म्हणून नीट पाहिले. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक ठरले. चार वर्षांखालील मुलांसाठी नियम करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. आणि मोटारीसाठी कलम १९४-ब आले, ज्याचा उल्लेख आरंभी केला.

१५/
पण त्या कलमातील एका शब्दाकडे लक्ष द्या: ‘किंवा’. मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेले असावे, असे कलम म्हणते. शब्दशः वाचल्यास तीन वर्षांच्या मुलाला प्रौढांचा पट्टा लावला तरी कलमाचे समाधान होते. उंचीचा उल्लेख नाही, वजनाचा नाही. चौदा वर्षांखालील सारी मुले एकाच ओळीत उभी केलेली आहेत. टेनेसीत ‘मांडीवर’ ही पळवाट होती, आपल्याकडे ‘किंवा’ आहे.

१६/
दुचाकीसाठीचा नियम त्यामानाने बारकाईने लिहिलेला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो अधिसूचित झाला आणि एका वर्षानंतर लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला पट्ट्यांच्या जाकिटाने चालकाशी बांधावे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट घालावे. असे मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नये. नियम चांगला आहे. पण त्याच्या नजरेसमोर मागे बसलेले मूल आहे. पुढे उभे राहणारे मूल, म्हणजे आपल्या रस्त्यांवरचे खरे मूल, त्याला दिसलेलेच नाही.

१७/
आता राज्यांकडे वळू. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना एक नवा अधिकार दिला: कलम २१०-अ अन्वये दंडाची रक्कम दहापटीपर्यंत वाढवण्याचा. त्याच कायद्यात एक जुने कलमही आहे, २०० क्रमांकाचे. न्यायालयात न जाता जागेवर भरावयाची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते, असे ते सांगते. एक दरवाजा वर जाणारा, एक खाली जाणारा. राज्यांनी कोणता निवडला, ते सांगायला नकोच.

१८/
नवे दंड लागू होऊन दहा दिवसही झाले नव्हते, तोच गुजरातने हेल्मेट आणि सीटबेल्टचा दंड हजारावरून पाचशेवर आणला. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार मागितला आणि अंमलबजावणी थांबवली. सुधारित दंड राज्यात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. दरम्यान, जानेवारी २०२० मध्ये केंद्राने महान्यायवादींच्या मताचा आधार घेऊन राज्यांना कळवले की कायद्याने ठरवलेल्या दंडापेक्षा कमी रक्कम आकारता येणार नाही. कळवले, एवढेच.

१९/
केरळचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये तेथे कॅमेऱ्यांद्वारे दंडआकारणी सुरू झाली तेव्हा आईवडिलांसोबत दुचाकीवर बसलेले लहान मूल तिसरा प्रवासी धरू नये, अशी मागणी राज्याने केंद्राकडे केली. केंद्राने ती मानली नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केरळच्या परिवहन आयुक्तांनी जाहीर केले की डिसेंबरपासून मोटारीत चार वर्षांपर्यंतच्या मुलांना चाइल्ड सीट आणि त्यापुढे १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत बूस्टर लागेल. भारतातील एखाद्या राज्याने मुलाच्या उंचीचे माप घेतल्याचा तो दुर्मीळ क्षण होता. परंतु परिवहनमंत्र्यांनी लगोलग खुलासा केला की असा काही निर्णय झालेला नाही.

२०/
आणि आपले पुणे? १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्तांनी हेल्मेटची कारवाई कठोर केली. पहिल्याच आठवड्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीचा मोर्चा निघाला, पुणेरी पगड्या निषेधाचे चिन्ह बनल्या. जूनमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शहराच्या हद्दीतील कारवाई थांबवण्यास सांगितले. उलट, सायरस मिस्त्री यांच्या पालघरजवळील अपघाती निधनानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या सीटवरील प्रवाशांनाही सीटबेल्ट अनिवार्य असल्याचे जाहीर केले. नियम जुनाच होता, तारीख मात्र शहराने ठरवली. एका राज्यातील दोन शहरांना एकाच कायद्याची दोन वेगवेगळी वये असतात, ती अशी.

२१/
यातील विसंगती पुणेकरांना टोचायला हवी. आपण सकाळी फिरायला जातो त्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. वाहनांची राष्ट्रीय मानके तिच्यामार्फत प्रसिद्ध होतात. चाइल्ड सीटचे भारतीय मानक, एआयएस ०७२, त्यांपैकीच एक. ‘भारत एनकॅप’ या तारांकन योजनेत, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, बालप्रवाशांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र ४९ गुण आहेत. त्या चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधून बसवतात. गाडी घेताना आपण तारे मोजतो. पण ते तारे बांधून बसलेल्या मुलाचे आहेत, मांडीवरच्या मुलाचे नाहीत.

२२/
उलट, पुढच्या सीटवर मांडीवर बसलेल्या बाळाला आता आणखी एक धोका आहे. जानेवारी २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग अनिवार्य आहेत. प्रौढाला वाचवणारी ती पिशवी क्षणार्धात प्रचंड जोराने उघडते, आणि तिच्या मार्गात लहान मूल असेल, तर तेच घातक ठरू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत पुढे बसलेले एक मूल एअरबॅग उघडल्यानंतर दगावले. मोठ्यांची सुरक्षा वाढवली आणि मुलांची जागा बदलली नाही, तर असे घडते.

२३/
आक्षेपांचा विचार करू. पहिला: ‘हेल्मेट घालावे की नाही हा माझा प्रश्न आहे.’ प्रौढाच्या बाबतीत या युक्तिवादावर वाद घालता येईल. मुलाच्या बाबतीत तो उभाच राहत नाही. चार वर्षांच्या मुलाने स्वातंत्र्य वापरून पुढे उभे राहण्याचे ठरवलेले नसते. पगडी घालून मोर्चात चालणाऱ्याने स्वतःचे डोके पणाला लावले होते. मांडीवरच्या मुलाचे डोके त्याच्या मालकीचे नाही.

२४/
दुसरा आक्षेप: ‘आधी रस्ते नीट करा, बस वाढवा.’ मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के होते. मुलाला सर्वांत सुरक्षितपणे शाळेत नेण्याचा मार्ग बहुधा चांगली बस हाच आहे. पण बस येईपर्यंत मुलाने पुढे उभे राहून वाट पाहावी, हे त्या मागणीतून निष्पन्न होत नाही.

२५/
तिसरा आणि सर्वांत खरा आक्षेप: परवडणे. काही हजारांची चाइल्ड सीट मूल दोन-चार वर्षांत ओलांडून जाते. ज्याने कर्ज काढून जुनी गाडी घेतली, त्याने ती कोठून आणावी? याला उत्तर दंडाने मिळणार नाही. अमेरिकेत सक्तीच्या सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी रुग्णालये आणि स्थानिक संस्था अशा सीट उसन्या देत. आपल्या शहरात पुस्तकांची वाचनालये आहेत, खेळण्यांची ग्रंथालये निघाली, रुग्णसाहित्य अल्प दरात वापरायला देणाऱ्या संस्था आहेत. कुबड्या आणि चाकाची खुर्ची उसनी मिळते, तेथे बाळाची सीट का मिळू नये?

२६/
म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत. एक: कलम १९४-ब मधील ‘किंवा’ जावा आणि त्याजागी उंचीचे माप यावे; किमान १३५ सेंटिमीटर. दोन: मुलांविषयीच्या तरतुदींना कलम २०० ची तडजोड लागू नसावी; वर जाण्याचा दरवाजा उघडा, खाली जाण्याचा बंद. तीन: सक्तीच्या आधी उसनवारीची सोय, आणि ती प्रसूतिगृहापासून, कारण मुलाचा पहिला प्रवास तेथूनच सुरू होतो.

२७/
राज्यांचे वेगळेपण मला प्रिय आहे. भाषा, आहार, सण यांत ते असलेच पाहिजे. पण बेळगावहून कोल्हापूरला येताना मुलाच्या मानेचे हाड बदलत नाही. टेनेसीसारखे एखादे राज्य इतरांच्या पुढे गेले, तर त्याचे कौतुक व्हावे. त्या दृष्टीने महाराष्ट्राला संधी आहे आणि पुण्याला तर टेकडीवरच उत्तर लिहून ठेवलेले आहे.

२८/
मित्रहो, आपल्या घरातील जुन्या छायाचित्रांत चेतक, लूना किंवा सायकलच्या दांडीवर बसलेले मूल सापडले, तर त्या चित्राचे साल आणि ठिकाण घरच्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. मुलांच्या प्रवासाचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत फार थोडा उरलेला आहे. तो अशा छायाचित्रांतच आहे. मतभेद असतील तर खाली जरूर मांडा. आणि उद्या मुलाला शाळेत सोडायला निघाल तेव्हा त्याला पुढे उभे करू नका.